दोन वाजता नाश्ता

हॉटेलचा नाश्ता साडेसात ते दहा.
जगात कुठेही असतो तोच पाव,
काचेच्या झाकणाखाली घामेजलेलं ऑम्लेट,
आणि दारात आंबे लगडलेले असताना
खोक्यातला आंब्याचा रस.
तिसऱ्या दिवशी श्रीरंग म्हणाला,
एवढा समुद्र ओलांडून आलो ते काय
जॅमच्या पुडीचा कोपरा दातांनी फाडायला?

मग शोधत सुटलो.
जांबियानीची वाळू पिठीसारखी, चपलेत शिरते पण बोचत नाही.
एका इटालियन बाईनं कॉफी दिली, चांगली होती,
पण बिल पाहून श्रीरंगनं चष्मा पुसला.
एका ठिकाणी नाश्त्याची पाटी होती
आणि पाटीखाली शेळी.

शेवटी फरशी पुसता पुसता मकामेनं सांगितलं:
बी मोझाकडे जा. शाळेमागे, बदामाच्या झाडाखाली.
किती वाजता?
त्यानं दोन बोटं दाखवली.

दोन वाजता नाश्ता! सुट्टी असावी तर अशी,
असं म्हणत भर उन्हात गेलो.
झाडाखाली तीन दगड, थंड राख,
उपडी घातलेली पातेली
आणि एक कोंबडी, जिला सगळं माहीत होतं.

संध्याकाळी मकामे पोट धरून हसला.
आमचा दिवस सूर्याबरोबर उठतो, म्हणाला,
उगवून एक तास झाला की एक, दोन झाले की दोन.
सगळे झोपलेले असताना, अंधारात
तारीख बदलायची ही कुठली रीत तुमची?
मी काय बोलणार.
आमच्याही घटका सूर्योदयापासूनच मोजत,
पाण्यात बुडणाऱ्या वाटीनं.
ती वाटी कुणी, कधी मोडीत घातली
कुणास ठाऊक.

चौथ्या दिवशी दोनला, म्हणजे आठला.
बी मोझाच्या तव्याला सात खळगे.
अगं, हे तर आप्पेपात्र! मी मराठीत ओरडले,
तिनं स्वाहिलीत मान डोलावली.
तांदूळ, नारळाचं दूध, वेलची, रात्रभर आंबवलेलं;
कडा जाळीदार, पोटात लुसलुशीत.
चहाला ती चायच म्हणते, चपातीला चपाती,
आलं मात्र आपल्याहून सढळ.
मी शब्दांचं सासर-माहेर शोधत बसले
तोवर श्रीरंगचे पाच झाले होते.

बाकावर बायका, कांगा गुडघ्यापर्यंत खोचलेले,
बोटांच्या पेरांवर मीठ.
भरभर खात होत्या, नजर समुद्रावर,
दूध तापत ठेवलं की आपली असते तशी.
पाणी मागे सरकलं,
खुंट्यांच्या ओळी उघड्या पडल्या, त्यांची शेवाळाची शेतं,
आणि बाक रिकामं झालं.
बी मोझाही उठली.
पैशांचा डबा दाखवला, पातेल्यावरचं झाकण दाखवलं,
आणि गेली ओल्या वाळूवरून, लहान लहान होत.

उरलेले चार आम्ही खाल्ले.
का नाही खाणार? पैसे टाकले डब्यात, जास्तच टाकले.
मग मदरशातून एक मुलगा आला, आठेक वर्षांचा.
टोपी काढून खिशात कोंबली,
झाकण उचललं,
आत पाहिलं,
झाकण ठेवलं.
आमच्याकडे वळून म्हणाला, करिबू, या, बसा,
जणू आम्ही आत्ताच येत होतो.

माझ्या पर्समध्ये हॉटेलातून उचललेली
जॅमची पुडी होती, एवढीच.
त्यानं कोपरा दातांनी फाडला,
बोटानं चाटून पाहिलं,
तोंड वाकडं केलं,
आणि पुडी नीट घडी घालून मला परत दिली.

उद्या? श्रीरंगनं खुणेनं विचारलं.
त्यानं समुद्राकडे बघितलं, जरा विचार केला,
आणि तीन बोटं दाखवली.
उद्या पाणी उशिरा उतरणार.
श्रीरंग घड्याळाचे काटे फिरवू लागला.
राहू दे, म्हटलं.